ढोले बाईंची गाणी

ढोले बाई वर्गात मुलींना रडवायच्या. मारायच्या नाहीत, निबंध वाचून दाखवायच्या. सगळ्यात वाईट निबंध निवडायचा, लिहिणारीचं नाव मोठ्यानं सांगायचं, तिला फळ्याजवळ उभं करायचं आणि तिचंच लिखाण तिच्यासमोर असं वाचायचं की बाकीच्या मुली बाकाखाली तोंड घालून हसत. आठवीत माझी पाळी आली. विषय होता ‘माझी आई’. माझी आई म्हणजे दुधावरची साय, देवघरातली समई, अंगणातली तुळस, असं मी लिहिलं होतं. बाईंनी शेवटपर्यंत वाचलं, वही टेबलावर ठेवली आणि विचारलं, आई सकाळी उठून काय करते? मी म्हटलं, वेचायला जाते. काय वेचते, फुलं? कापूस, मी म्हटलं. तिची बोटं कधी पाहिलीस? वर्गात शुद्ध बोलणाऱ्या बाई रागावल्या की सरळ घरच्या बोलीवर यायच्या. म्हणाल्या, “पाहून ये अन् मंग लिव. गोड लिवशील त मुंग्या लागतील.”

घरी जाऊन मी आईची बोटं पाहिली. बोंडांच्या टोकांनी नखांभोवतीची कातडी फाटली होती आणि फटींत काळं भरलं होतं. तेच लिहिलं. बाईंनी वाचलं आणि खाली ‘ठीक’ एवढाच शेरा मारला.

त्या प्रेमळ होत्या असं मी सांगणार नाही. त्यांच्या तासाला पोट दुखतं म्हणून घरी बसणाऱ्या मुली होत्या. एकीनं तर शाळाच सोडली आणि तिचं पुढच्याच वर्षी लग्न लावून दिलं. बाईंना त्याचं काही वाटलेलं मला तरी कधी दिसलं नाही. त्यांचं स्वतःचं लग्न झालेलं नव्हतं. उंच, काटकुळ्या, खळ केलेलं सुती लुगडं, आणि चेहरा असा की समोरचा माणूस आपोआप आपलं बोलणं तपासू लागे. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी, शाळेमागच्या दोन खोल्यांत त्या एकट्या राहत. गाव लहान होतं आणि बाई एकट्या होत्या, त्यामुळे त्यांच्याबद्दल काय काय बोललं जाई ते सांगायला नको.

रविवारी मात्र ही बाई वेगळी असे. सकाळच्या जीपमध्ये बायकांच्या मांडीला मांडी लावून बसायची आणि आसपासच्या कुठल्याही गावी उतरायची. कोणाच्या शेतात निंदण चालू असेल तर धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसायची, कोणाकडे लग्न असेल तर मांडवामागच्या बायकांत जायची. ज्या गावी त्या सर्वांत जास्त गेल्या त्याचं नाव मी लिहीत नाही. मी वकील आहे आणि मेलेल्या माणसालाही कायद्यात अब्रू असते, हे मला माहीत आहे. तिथं गिरजामाय नावाची एक मजूर बाई होती. सात गावांत तिच्यासारखी गाणारी नव्हती. विहिणीला द्यायच्या शिव्या, नवऱ्याच्या, सासऱ्याच्या, मालकाच्या नावानं म्हणायची गाणी तिच्या तोंडात अशी यायची की ऐकणारीचा हात निंदता निंदता थांबे. बाई तिच्याशेजारी बसून ऐकत, टेपवर घेत, एखादा शब्द कळला नाही तर विचारत. गिरजामाय त्यांना “काय व मास्तरीन, तुले कायले पायजे हे?” असं विचारून हसायची. तिला अक्षरओळख नव्हती.

निवृत्त झाल्यावर बाईंनी ही गाणी पुस्तक करून छापली. नाव ठेवलं ‘निंदणीची गाणी’. एकाही गाण्याखाली गाणारीचं नाव नव्हतं. मी तेव्हा वकिली करू लागले होते. नावं का नाहीत म्हणून विचारलं तर बाई म्हणाल्या की म्हणणारीला नवरा आहे, सासरा आहे, मालक आहे. तिचं नाव छापून मी तिला काय बक्षीस देणार आहे का?

पुस्तकात कमरेला बांधलेल्या ओटीत, म्हणजे वटीत, कापूस वेचण्याचं एक गाणं होतं. त्याची सुरुवात अशी:

वटी भरली कापसानं, मालक मोजाले आला,
कापूस राह्यला वटीत अन् हात वर गेला.

पुढच्या कडव्यात त्या हाताचं, त्या मालकाच्या धोतराचं आणि शेवटी त्या मालकाचं काय झालं ते आहे. तो भाग मी इथं देत नाही. ज्यांना वाचायचा असेल त्यांच्यासाठी तो न्यायालयाच्या निकालपत्रात अक्षरशः उतरवलेला आहे.

गाण्यात नाव नव्हतं, पण मालकाच्या एका डोळ्यात फूल असल्याचा उल्लेख होता. त्या गावाच्या निम्म्या जमिनीचे जुने मालक, ज्यांची आता दिग्रस रस्त्याला कापसाची जिनिंग गिरणी आहे आणि ज्यांना सगळे जिनवाले म्हणतात, त्यांच्या आजोबांच्या डोळ्यात तसं फूल होतं. नातू निवडणुकीला उभा राहण्याच्या बेतात होता. कोणीतरी त्याला ते पान दाखवलं. आधी त्यानं आपला दिवाणजी बाईंकडे पाठवला. एवढं एक गाणं काढा, बाकीचं पुस्तक आम्ही आमच्या खर्चानं पुन्हा छापून देतो, असा निरोप होता. बाईंनी त्याला पाणी दिलं आणि म्हणाल्या, गाणं माझं नाही, मी कसं काढू?

मग नातू यवतमाळच्या एका बड्या वकिलाकडे गेला. तिथं काय झालं ते त्या वकिलानंच पुढं बाररूममध्ये चहा पिता पिता मला सांगितलं, आणि सांगताना तो फार हसला. नातवाला अब्रुनुकसानीचा दावा लावायचा होता. वकील म्हणाला, तो लावायचा तर कोर्टात उभं राहून सांगावं लागेल की हा एका डोळ्यात फूल असलेला माणूस आमचाच आजा. आणि मग ती बाई म्हणेल की हे खरं आहे आणि लोकांच्या भल्यासाठी छापलं आहे, मला शाबीत करू द्या. म्हाताऱ्या बायका एकेक करून पिंजऱ्यात येतील. “त्यापेक्षा अश्लीलतेत जा,” तो म्हणाला. “तिथं खरं-खोटं कोणी विचारत नाही. तिथं फक्त घाण आहे का एवढंच पाहतात.”

महिनाभरात, कोणी कधी नाव न ऐकलेल्या एका संस्कृतिरक्षण मंडळाच्या अध्यक्षानं फिर्याद दिली. शाळेच्या बक्षीस समारंभात हे पुस्तक मुलींना वाटलं गेलं, त्यानं कोवळ्या मनांवर वाईट परिणाम होतो, असं तीत लिहिलं होतं. कलम दोनशे ब्याण्णव लागलं. पोलिसांनी खोलीतून उरलेल्या प्रती उचलल्या. दुसऱ्या दिवशी बाईंच्या फोटोखाली ते सर्वांत वाईट कडवं टाकून कोणीतरी तालुकाभर मोबाइलवर फिरवलं. शाळेनं माजी शिक्षकांच्या भिंतीवरून त्यांची तसबीर उतरवली. संध्याकाळी मोटरसायकलवरची पोरं त्यांच्या खिडकीखाली थांबून ‘वटी भरली’ म्हणत आणि गाडी रेस करून जात. बाई खिडकी उघडी ठेवून भाजी निवडत बसत. एकदा मी खिडकी लावायला उठले तर म्हणाल्या, राहू दे, चाल बरोबर आहे त्यांची.

मी वकीलपत्र घेतलं. माझी बाजू मला भक्कम वाटत होती. घटनेनं बोलायचं स्वातंत्र्य दिलंय, त्याला सभ्यतेचं आणि नीतीचं कुंपणही घातलंय, पण वाङ्मयासाठी, अभ्यासासाठी छापलेल्या पुस्तकाला कायदाच त्या कुंपणात फाटक ठेवतो. ही गाणी लोकांची आहेत आणि बाईंनी ती अभ्यास म्हणून गोळा केली, एवढं दाखवलं की काम होणार होतं. त्यासाठी गाणाऱ्या बायका हव्या होत्या. मी नावं मागितली. बाईंनी दिली नाहीत. मी टेप मागितल्या. त्या म्हणाल्या, आवाज ओळखू येतो.

खटला उभा राहिला त्या दिवसापासून आमच्या कोर्टात गर्दी व्हायला लागली. एरवी तारखेला पक्षकारही येत नाहीत. आमचा पुकारा झाला की शेजारच्या कोर्टातले वकील, कारकून, टपरीवर चहा पिणारे रिकामे लोक आत शिरत. सरकारी वकील आक्षेपार्ह भाग वाचून दाखवी. साक्षीदार बदलला की पुन्हा वाची. त्याचा आवाज चांगला होता आणि त्याला ते माहीत होतं. ‘हात वर गेला’ म्हणताना तो स्वतःचा हात थोडा वर नेई आणि मागच्या बाकांवरून खोकल्यासारखं हसू येई. बाई आरोपीच्या जागी सरळ उभ्या असत, पूर्वी आम्ही फळ्याजवळ उभ्या असायचो तशा. वाचता वाचता एकदा त्यानं एक शब्द चुकीचा उच्चारला. मला वाटलं आता बाई बोलतील. त्या बोलल्या नाहीत. पहिल्यांदाच मला त्यांची भीती न वाटता त्यांच्यासाठी भीती वाटली.

फिर्यादी पक्षानं गिरजामायला साक्षीला आणलं. जिनवाल्यांच्या दिवाणजीनं तिला जीपमधून आणलं आणि बाहेरच्या लिंबाखाली बसवून ठेवलं होतं. तिचा नातू जिनिंगवर कामाला होता. पिंजऱ्यात आली तेव्हा तिनं डोक्यावरचा पदर इतका पुढं ओढला होता की तोंड दिसत नव्हतं. हे गाणं तुमच्या गावात म्हणतात का, असं विचारल्यावर ती म्हणाली, “नाई साहेब. आमी देवाचे गाने म्हनतो. असं घान आमच्या गावात कोनी म्हनत नाई.” या बाईंना ओळखता का? तिनं बाईंकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाली, एकदोनदा पाह्यलं असन.

उलटतपासणीला उठायला मी खुर्ची सरकवली. बाईंनी मागून हलक्या आवाजात सांगितलं, काही विचारू नकोस. मी म्हटलं, ती खोटं बोलते आहे. त्या म्हणाल्या, “भ्याली आहे ती. भ्यालेल्या माणसाला प्रश्न विचारायचा नसतो.” मुलींना फळ्याजवळ उभं करणारी ही बाई. मला वाटलं सुनवावं तसं त्यांना सुनावावं, पण सुनावणी चालू होती. उलटतपासणी नाही, असं मी सांगितलं.

आता एकच मार्ग उरला होता. मी बाईंनाच शपथेवर साक्षीला उभं केलं. गाणी कशी मिळवली, किती वर्षं गावोगाव हिंडल्या, ते त्यांनी नीट सांगितलं. न्यायाधीश तरुण होते, लक्ष देऊन ऐकत होते. माझ्या मनात आशा आली. मग सरकारी वकील उठला. आधी त्यानं विचारलं की आपलं लग्न झालेलं नाही, तर या ओळीचा अर्थ आपल्याला कसा समजला? मी हरकत घेतली, न्यायाधीशांनी प्रश्न नामंजूर केला, पण तोवर सगळे हसून झाले होते. बाई तरीही म्हणाल्या, “मी मराठी शिकवते.” हसू एकदम थांबलं.

त्यानं मग नावं विचारली. कोणत्या बाईनं म्हटलं? कुठल्या शेतात? बाई म्हणाल्या, सांगणार नाही. तो म्हणाला, ठीक आहे, मग मी त्या गावातल्या साऱ्या बायकांना समन्स काढण्याचा अर्ज देतो. एकेक करून येऊ दे, प्रत्येकीला हे कडवं वाचून दाखवू आणि विचारू की तू म्हटलंस का. जिनं हो म्हटलं तिच्यावर चारचौघांत अश्लील गाणं म्हटल्याचा वेगळा गुन्हा. किंवा मग, तो म्हणाला, आपण सरळ सांगा की असली गाणी कोणी म्हणत नाही आणि हे सारं आपल्याच डोक्यातून आलेलं आहे.

लघुलेखकाची बोटं यंत्रावर थांबली होती. बाई माझ्याकडे पाहत नव्हत्या, कोणाकडेच पाहत नव्हत्या. मग म्हणाल्या, “तसं समजा.”

“समजायचं काय त्यात? हो की नाही?”

“हो. मी रचली.”

मी खाली बसले. मागं कोणीतरी शीळ घातली आणि शिपायानं त्याला बाहेर काढलं. गाणी गोळा करणाऱ्या बाईला कायद्यात जागा होती. लग्न न झालेल्या, साठी उलटलेल्या आणि असली गाणी स्वतः रचणाऱ्या बाईला नव्हती. तालुक्यातल्या लोकांना तर हेच ऐकायचं होतं. त्यांच्याबद्दल इतकी वर्षं जे कुजबुजलं जात होतं त्यावर त्यांनी शपथेवर सही करून दिली होती.

निकाल थोडक्यात लागला. गाणी लोकपरंपरेतली असती तर वेगळा विचार करता आला असता, परंतु आरोपीनेच ती स्वतः रचल्याचे सांगितले आहे, असं न्यायाधीशांनी लिहिलं. बोलण्याचं स्वातंत्र्य अमर्याद नाही, त्यावर वाजवी बंधनं आहेत, असंही लिहिलं. वयाकडे पाहून दंड आणि कोर्ट उठेपर्यंतची कैद अशी शिक्षा दिली. बाई सकाळपासून संध्याकाळपर्यंत मागच्या बाकावर बसल्या. शेजारी बसलेला शिपाई मोबाइल पाहत होता. शाळेतली एकही शिक्षिका आली नाही, त्या गावची एकही बाई आली नाही. येणारे-जाणारे दारातून डोकावून पाहून जात. जप्त पुस्तकं कोर्टामागं जाळायची होती. मोजायला घेतली तर कमी भरली. ज्याला जमलं त्यानं एकेक प्रत घरी नेली होती.

मी वर अपील करू म्हटलं. बाई म्हणाल्या, वर गेलं की वरही वाचतील.

शिक्षेनंतरही रविवारची जीप त्यांनी सोडली नव्हती. फक्त त्या गावाला जात नसत. वर्षभरानं तिथंच माझ्या चुलतभावाचं लग्न निघालं. माझी आई बाईंना स्वतः जाऊन आमंत्रण देऊन आली. बाई आल्या. मांडवामागं बायका विहिणीला शिव्या देत होत्या, गिरजामाय पुढं होती. बाई जाऊन बसल्या तसा थोडा वेळ गलका थांबला. मग गिरजामायनं बाईंकडे पाहत नवंच गाणं उचललं:

मास्तरीन बाईनं लगीन नाई केलं,
कागदाचं लेकरू तिचं सरकारनं नेलं.

बाकीच्या बायकांना ते पाठ होतं. म्हणजे हे गाणं आज झालेलं नव्हतं, सगळीकडे म्हणून झालेलं होतं. पुढचं कडवं बाई एकट्या झोपतात त्यावर होतं आणि ते मी कोर्टात ऐकलेल्या कशाहीपेक्षा वाईट होतं. एका पोरीनं लाजून तोंडावर हात ठेवला, म्हणणं विस्कळीत झालं. बाई म्हणाल्या, “थांबू नका. पुढं म्हना.” बायकांनी सगळं म्हटलं. बाईंनी शेवटच्या ओळीपर्यंत ऐकलं आणि विचारलं, कोणी जुळवलं हे? गिरजामाय म्हणाली, “कोनंच नाई. गानं असंच येते तोंडात.”

हेच वाक्य तिनं कोर्टात म्हटलं असतं तर बाई सुटल्या असत्या. परतताना जीपमध्ये मी ते रागानं बोलून दाखवलं. बाई बाहेर तुरीच्या शेतांकडे पाहत होत्या. म्हणाल्या, “कागदाचं लेकरू. मला सुचलं नसतं.” आवाज नेहमीसारखा होता, पण हातातला रुमाल त्यांनी इतका पिळला होता की मी त्यांच्याकडे पुन्हा पाहिलं नाही. त्यानंतर रविवारी त्या कुठंच गेल्या नाहीत. घरातच बसत, आणि पुढं पुढं दारही लावून घेऊ लागल्या. पुढच्या उन्हाळ्यात गेल्या. दोन दिवस कोणाला कळलं नाही. वास आला तेव्हा शेजाऱ्यांनी कडी तोडली.

दारव्ह्याच्या भाच्यानं तेरवी केली. मोजकी माणसं होती. दुपारी पंगत उठत आली तेव्हा गिरजामाय आली. दूर कोपऱ्यात बसून जेवली, ताट स्वतः घासून ठेवलं आणि मग माझ्याजवळ येऊन उभी राहिली. म्हणाली, एक विचारू का वकीलबाई?

“बाईनं कोर्टात माह्यं नाव देल्लं ना?”

मी म्हटलं, नाही. तुमचंच काय, एकाही बाईचं नाव त्यांनी दिलं नाही. सगळ्या बायकांना कोर्टात ओढू नये म्हणून गाणी मीच रचली असं त्यांनी सांगितलं आणि शिक्षा घेतली. गिरजामाय माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. म्हणाली की दिवाणजी तिला न्यायला आला तेव्हा म्हणाला होता, मास्तरनीनंच तुह्यं नाव सांगतलं, आता तूच तुह्यं पाहा. मी म्हटलं, तो खोटं बोलला. कोर्टाचे कागद आहेत माझ्याकडे.

“मले वाचता येत नाई,” ती म्हणाली. चपला शोधत म्हणाली, “मंग तिनं मले त्या दिवशी मांडवात काहून नाई सांगतलं?”

ती पायात चप्पल अडकवून उन्हातच जीपच्या थांब्याकडे निघून गेली.

ते गाणं अजून म्हणतात. पार पुसदकडच्या गावांत गेलं आहे, आणखी दोन कडवी वाढली आहेत, आणि म्हणणाऱ्या पोरींना मास्तरीण कोण हे ठाऊक नाही. माझी आई सांगते की ते सुरू झालं की गिरजामाय उठून मांडवाबाहेर जाते. पोरींना वाटतं, म्हातारीचा दम आता पुरत नाही.